पुण्यातील बागा : पाणी, मालकी आणि निगा

पुणे शहराच्या नकाशावर ‘बाग’ या शब्दाने संपणारी नावे वेचावयास आरंभ केला म्हणजे यादी लांबतच जाते. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग, विश्रामबाग, हिराबाग, सारसबाग ही त्यांतील सर्वपरिचित नावे होत. परंतु ही नावे घेऊन कोणी बागा पाहावयास निघाला, तर बहुतेक ठिकाणी त्याची निराशाच व्हावयाची. तुळशीबागेत नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेले राममंदिर आणि त्याभोवती दाटलेली बाजारपेठ आढळते. बेलबागेत नाना फडणिसांचे विष्णुमंदिर आहे, रमणबागेत शाळा भरते, आणि विश्रामबाग हे नाव दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्याला चिकटून राहिले आहे. सारसबाग तेवढी आज खऱ्या अर्थाने बाग आहे. पण ती आज जेथवर पसरली आहे, तेथे पेशवाईत बहुतांशी तळ्याचे पाणी होते.

नाव राहते आणि बाग जाते, असे का होते? हा प्रश्न केवळ स्थलनामांच्या अभ्यासकाचा नाही. नगररचना, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास या चारही विषयांच्या विद्यार्थ्यास तो सारखाच विचार करावयास लावणारा आहे. घर किंवा देऊळ बांधून झाले की काही काळ दुर्लक्ष सोसू शकते. बाग ही मात्र रोज नव्याने करावी लागणारी वस्तू आहे. तिला वर्षाच्या कोरड्या आठ महिन्यांत पाणी लागते, तिची जमीन अविभक्त राहावी लागते आणि तिच्या अंगावरून रोज कोणाचा तरी हात फिरावा लागतो. पाणी, मालकी आणि निगा या तीन गोष्टी जेथे एकत्र टिकल्या, तेथे बाग टिकली. त्यांतील एक जरी सुटली, तरी पुढच्या एकदोन पिढ्यांत बागेचे नुसते नाव उरले. पुणे व त्याच्या परिसरातील उद्याने या दृष्टीने क्रमाने पाहिली असता हा नियम स्पष्ट होतो.

पर्वतीचा पायथा

अशा दर्शनाचा आरंभ पर्वतीच्या पायथ्यापासून करणे सोयीचे होय. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून येथे तळे केले. त्याच सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने शहरात आणण्यात आले आणि जागोजागच्या हौदांत खेळविण्यात आले. शहराच्या पेठा ज्या पाण्यावर वाढल्या, त्याच काळात आणि त्याच दृष्टीने पर्वतीच्या परिसरातील बागाही वाढल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शनिवारवाड्यातील सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे हेही त्याच जलव्यवस्थेच्या समृद्धीचे द्योतक म्हणावे लागते. कारंजे ही तत्कालीन बागेची शोभा खरीच. पण ते उडते याचा अर्थ वरच्या अंगाला पुरेसे पाणी साठलेले आहे, असाही होतो.

पर्वतीच्या तळ्यातील बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपतीचे देऊळ झाले. ‘तळ्यातला गणपती’ हे त्याचे लोकप्रचलित नाव आजही चालू आहे, जरी तळ्याचा फार थोडा भाग आता पाण्याखाली आहे. विसाव्या शतकात तळे बुजविले गेले आणि त्या जागी सार्वजनिक उद्यान आले. शेजारीच १९५३ मध्ये महानगरपालिकेचा पेशवे पार्क सुरू झाला. तेथील ‘फुलराणी’ ही लहान आगगाडी १९५६ पासून धावू लागली आणि पुण्यातील मुलांच्या कित्येक पिढ्यांची बागेशी ओळख तिच्यातूनच झाली. तेथील प्राणिसंग्रह पुढे कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आला.

तळ्याच्या दुसऱ्या अंगास हिराबाग होती. पेशव्यांच्या या विलासस्थानाचा पुढचा इतिहास उद्बोधक आहे. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले ते हिराबागेत. म्हणजे राजाची खासगी बाग पेशवाईच्या अस्तानंतर सुमारे साठ वर्षांत नागरिकांच्या सभेची जागा झाली. बागेचे सार्वजनिक होणे म्हणजे तिला फाटक ठेवून तिकीट लावणे नव्हे. लोकांनी तेथे एकत्र येण्याचा हक्क सांगणे हा त्याचा पहिला अर्थ होय. मात्र सभेस दालन पुरते, बागेची तितकी गरज नसते. त्यामुळे हिराबागेचे सार्वजनिकत्व वाढले तरी तिचे बागपण वाढले नाही, हेही येथेच नोंदले पाहिजे.

कालव्याच्या काठाने

खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले आणि मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून पूर्वेकडे वाहू लागला. पुण्यातील बागांच्या इतिहासाचे हे दुसरे पर्व होय. नळ आणि हौद यांच्या जागी आता कालवा हा बागेचा पोशिंदा झाला. त्याच्या काठाने गेल्यास दोन अत्यंत भिन्न प्रकृतीची उद्याने भेटतात.

पहिले सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ते २००६ मध्ये खुले झाले आणि पु. ल. देशपांडे यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. सुमारे १० एकरांचे हे उद्यान जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन या उद्यानाच्या धर्तीवर रचलेले आहे. मूळ कोराकुएनचे काम १७०० च्या सुमारास पुरे झाले. ती एका सरंजामी अधिपतीची खासगी बाग होती. विस्तीर्ण हिरवळ, वळत जाणारा प्रवाह, त्यावरील लहान पूल आणि दूरच्या टेकडीला दृश्यात ओढून घेण्याची युक्ती ही त्या परंपरेची लक्षणे. पुण्यात या रचनेला पर्वतीच्या टेकडीची आयती पार्श्वभूमी लाभली आणि प्रवाहाला शेजारच्या कालव्याचे पाणी मिळाले. परदेशी रचना येथे रुजली ती स्थानिक पाण्याच्या आधारावर, हे अभ्यासकाने विसरू नये. येथे फुलांच्या ताटव्यांपेक्षा उतार, कडा आणि पाण्याची चाल यांकडे पाहावयाचे असते. त्यासाठी पाय सावकाश टाकावे लागतात.

दुसरे उद्यान घोडदौडीच्या मैदानाजवळील एम्प्रेस गार्डन. आरंभी ती लष्कराच्या शिपायांसाठी राखलेली बाग होती. व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्यावर तिला आजचे नाव मिळाले. १८३० मध्ये स्थापन झालेली ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था तिची व्यवस्था पाहते. सुमारे ३९ एकरांच्या या बागेत शंभरी ओलांडलेले वृक्ष आहेत आणि त्यांच्या माथ्यापर्यंत चढलेले, माणसाच्या मांडीएवढ्या जाडीचे काष्ठवेल आहेत. असे वेल हे सह्याद्रीच्या जुन्या रानांचे लक्षण समजले जाते. शहरात ते दिसतात याचे कारण एवढेच की, येथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी कुऱ्हाड आणि कोयता फार चालविला नाही. वृक्ष लावता येतो. असा वेल मात्र लावून चालत नाही, त्याला अस्पर्शित काळ द्यावा लागतो.

दरवर्षी जानेवारी महिन्यात येथे फुलांचे प्रदर्शन भरते. त्याचे महत्त्व करमणुकीपुरते नाही. ज्या खासगी बागांच्या कुंपणाआत एरवी कोणास जाता येत नाही, त्यांतील गुलाब, शेवंती, कुंड्यांतील झाडे व भाज्या त्या निमित्ताने लोकांसमोर येतात. खासगी बागा पाहू इच्छिणाऱ्यास हे प्रदर्शन म्हणजे एक प्रकारची अनुक्रमणिकाच होय.

बंधारा आणि नदी

मुळा व मुठा यांच्या संगमाच्या खाली नदीवर जो बंधारा आहे, तो १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जिजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून पुरा झाला. बंधाऱ्यामुळे वरच्या अंगास संथ पाणी साठले आणि त्या पाण्याच्या काठी बाग आली. लोक तिला ‘बंड गार्डन’ म्हणत. आज तिचे नाव महात्मा गांधी उद्यान असे आहे. शेजारचा फिट्झगेराल्ड पूल १८६७ चा. बाग, बंधारा आणि पूल यांची ही रचना एकत्र पाहावयाची आहे, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागत नाही. ज्या काळी नदीचे पाणी स्वच्छ होते, त्या काळी संध्याकाळी या काठावर येणे हे शहराचे मोठे सुख होते. पुढे शहराचे सांडपाणी नदीत मिसळू लागले आणि काठावरील बागेची शोभा तिच्या आतल्या कामाने कितीही राखली, तरी बाहेरच्या पाण्याने ती उणावू लागली. बाग आपल्या कुंपणापुरती कधीच नसते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूस आगाखान पॅलेस आहे. दुष्काळात लोकांस काम मिळावे म्हणून तिसरे आगाखान यांनी १८९२ मध्ये ही वास्तू बांधविली. १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी येथे स्थानबद्ध होते. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेव देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांनी येथेच देह ठेवला. दोघांच्या समाधी या आवारातच आहेत. १९६९ मध्ये ही वास्तू राष्ट्रास अर्पण झाली. धनिकाची बाग, मग बंदिवासाचे अंगण आणि शेवटी स्मारकाचे उद्यान असा हा प्रवास आहे. येथील सावलीचे मोल केवळ वनस्पतिशास्त्राच्या मापाने ठरविता येत नाही.

गणेशखिंड

शहराच्या वायव्येस गणेशखिंडीत उद्यानाचा तिसरा प्रकार आढळतो. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये येथे गव्हर्नरांच्या निवासाचे काम सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले, त्यास हीच वास्तू आणि ४११ एकरांचे आवार मिळाले. जे उद्यान मूठभरांच्या मेजवान्यांसाठी आखले गेले होते, त्याच्या वडांखाली विद्यार्थी वाचीत बसू लागले.

त्याच परिसरात १८७३ मध्ये गणेशखिंडीचे वनस्पती-उद्यान सुरू झाले. जॉर्ज मार्शल वुड्रो यांचे नाव या उद्यानाशी निगडित आहे. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवीत आणि हिंदुस्थानातील बागकामावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ दीर्घकाळ वापरात होता. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रमाणभूत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, त्यात वुड्रो यांच्या संग्रहाचा वारंवार उल्लेख येतो. म्हणजे बाग, महाविद्यालय आणि संशोधनग्रंथ या तिहींचे नाते पुण्यात फार जुने आहे. पुढे १९०७ मध्ये कृषि महाविद्यालय आले आणि १९५५ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात सुरू झाले. गणेशखिंडीचे उद्यान आज महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. आंब्याची जुनी झाडे आणि अनेक दुर्मिळ वृक्ष तेथे आहेत. सुमारे ३३ हेक्टरांच्या या क्षेत्रास २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. संस्थेची मालकी आणि अध्ययनाचा हेतू यांमुळे ही बाग दीडशे वर्षे अविभक्त राहिली.

खासगी बागा

सार्वजनिक उद्यानांचा इतिहास कोठे ना कोठे लिहिलेला असतो. खासगी बागेचा इतिहास मात्र तिच्या मालकाबरोबर जातो. पुण्यातील खासगी बागांचे स्थूलमानाने दोन प्रकार होते: वाड्यातील परसबाग आणि बंगल्याभोवतीची बाग.

वाड्यातील परसबाग आकाराने लहान, पण व्यवहाराने पक्की असे. मागील चौकात आड, त्याच्या काठी तुळशीवृंदावन, पूजेसाठी जास्वंद, पारिजातक, कण्हेर व अनंत, आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ व अळू अशी तिची साधारण मांडणी होती. तिच्यात थेंबही वाया जात नसे. आज ज्यास पाण्याचा पुनर्वापर म्हणतात, तो येथे विशेष नाव न घेता रोज चाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे पडले; त्यांच्याबरोबर ही परसेही गेली. उरलेल्या वाड्यांच्या जागी पुढील दशकांत इमारती आल्या.

बंगल्याभोवतीची बाग डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता या बाजूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वाढली. पुढे हिरवळ किंवा गुलाबाचे वाफे, फाटकावर मधुमालती अथवा बोगनवेल, मागे आंबा, फणस, सीताफळ, नारळ, आणि एखादा सोनचाफा किंवा बकुळ, हे तिचे सामान्य रूप. एका बंगल्याची बाग लहानच. परंतु शेजारशेजारच्या पन्नास बागा मिळून एक सलग वृक्षछत्र होत असे आणि पावसाचे पाणी त्या सर्वांच्या मातीतून जमिनीत मुरत असे. या अर्थी खासगी बागांचे फळ सार्वजनिक होते, जरी तिचे फाटक बंद असे.

अशा बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारत उभी राहते तेव्हा नेमके काय जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे. झाडे तोडण्यावर निर्बंध आहेत. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्ष मानले गेले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद झाली. परंतु कायदा झाडाचे रक्षण करतो, मातीचे करीत नाही. वाहनांसाठी तळघर खोदले की आवारातील बहुतेक जमिनीखाली काँक्रीटचा थर येतो. त्यावर हात-दोन हात मातीत हिरवळ आणि झुडपे वाढतात, पण आंब्याचे किंवा वडाचे मूळ तेथे खोल जाऊ शकत नाही आणि पावसाचे पाणीही मुरत नाही. वरून पाहणाऱ्यास ती जागा हिरवीच दिसते. बाग आहे, पण तिचे वय वाढण्याची सोय उरलेली नाही. पुढील पिढीस शंभर वर्षांचा वृक्ष पाहावयाचा झाला, तर तो कोणत्या मातीत उभा असेल, हा येथील खरा प्रश्न होय.

वनस्पती हा दस्तऐवज

उद्यान पाहताना तेथील वनस्पतींकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहता येते. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष, नीलमोहर व कैलासपती दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे, पिचकारी आफ्रिकेची, बुचाचे झाड ब्रह्मदेशाचे. ही नावे ऐकून ‘परके’ आणि ‘आपले’ अशी विभागणी करण्याचा मोह होतो. पण देवळाच्या आवारातील देवचाफा, अंगणातील गुलबक्षी आणि दसऱ्याच्या तोरणातील झेंडू ही देखील मूळची अमेरिका खंडातील, हे ध्यानात आले म्हणजे ती विभागणी तितकी सोपी राहत नाही. कोणती वनस्पती कोणत्या बागेत, कोणाच्या हातून व कोणत्या हेतूने आली, हे विचारणे अधिक फलदायी होय. सावलीसाठी लष्कराने लावलेली, पूजेसाठी गृहिणीने लावलेली, प्रयोगासाठी प्राध्यापकाने लावलेली आणि शोभेसाठी नगरपालिकेने लावलेली झाडे शेजारी उभी असतात. प्रत्येकाचे कारण निराळे असते.

पाहण्याची रीत

एका बागेस एकदाच भेट दिल्याने तिचा परिचय होत नाही. माघ-फाल्गुनात पांगारा व सावर, चैत्र-वैशाखात बहावा, तामण व गुलमोहर, पावसाच्या आरंभी कदंब, आणि पाऊस सरताना बुचाची पांढरी फुले असा फुलोऱ्याचा क्रम आहे. त्यामुळे निदान तीन ऋतूंत तीच बाग पाहिली पाहिजे. वैशाखातील भेट विशेष महत्त्वाची, कारण पाणी कोठून येते आणि पुरते की नाही, याचे उत्तर त्याच महिन्यात मिळते.

विद्यार्थ्याने टिपणवहीत वृक्षांची नावे लिहावीत, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावा. मात्र केवळ घेरावरून वय ठरविण्याचा उतावीळपणा करू नये, कारण पाणी व माती यांप्रमाणे वाढीचा वेग पालटतो. विहीर, पाट, नळ, कालवा यांपैकी बागेचा आधार कोणता, हे नोंदवावे. जमीन कोणाच्या नावे आहे आणि ती पूर्वी कधी विभागली गेली काय, हेही विचारावे. खासगी बागेत मालकाच्या अनुमतीनेच जावे आणि तेथील नोंद प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी.

या सर्वांहून अधिक, बागेच्या माळ्याशी बोलावे. कोणते झाड कोणत्या वर्षी वीज पडून अर्धे जळाले, कोणत्या विहिरीचे पाणी कधी आटले, कोणता वेल कोणाच्या सांगण्यावरून राखला, ही माहिती कोणत्याही दप्तरात नसते. ती माळ्याच्या स्मरणात असते आणि त्याच्या निवृत्तीबरोबर बागेबाहेर जाते. पाणी आणि मालकी यांचे पुरावे शोधून काढता येतात. निगा मात्र प्रत्यक्ष करणाऱ्याकडूनच समजून घ्यावी लागते.

तुळशीबागेत कोणत्या झाडांच्या रांगा होत्या, त्यांस पाणी कोठून येई आणि ती बाग कोण राखी, याची तपशीलवार नोंद त्या काळी कोणी केली असती, तर आज ती पुण्याच्या इतिहासाचे मौल्यवान साधन ठरली असती. प्रभात रस्त्यावरील एखाद्या बंगल्याच्या मागच्या अंगणात जो आंबा आज उभा आहे, त्याच्याविषयी अशी नोंद करणे अजून शक्य आहे. त्यासाठी मोठे साधनसाहित्य लागत नाही. एक वही, मोजपट्टी आणि फाटक वाजविण्याचा संकोच बाजूस ठेवण्याची तयारी एवढे पुरे होते.